तळघर, कविता आणि सिनेटमधली खुर्ची: रोमानियातले विद्यार्थी क्लब करतात तरी काय?

२०२४च्या नोव्हेंबरात रोमानियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. सगळे अंदाज चुकवून कालिन जॉर्जेस्कू हा अतिउजवा, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला उमेदवार पहिला आला. लगेच बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात तरुण पोरं-पोरी फलक घेऊन जमायला लागली. ६ डिसेंबरला तिथल्या घटना न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. मे २०२५मध्ये ती पुन्हा झाली आणि निकुशोर दान हे गणितज्ञ निवडून आले.

आपल्याकडे हे सगळं दोन-चार ओळींत येऊन गेलं. पण एक गोष्ट विचारात पाडणारी आहे. बुखारेस्टची संसद म्हणजे जगातल्या सगळ्यात अवाढव्य इमारतींपैकी एक, समोर हवं तेवढं मैदान. तरीही देशात काही बिनसलं की लोकांचे पाय विद्यापीठाकडे वळतात. असं का? याचं उत्तर राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तिथल्या विद्यार्थी क्लबांत सापडतं. तिथे नाचाची तालीम, कवितावाचन, रक्तदान शिबिर आणि कुलगुरूंशी भांडण या चार गोष्टी एकाच खोलीत चालतात.

आधी शब्दांचा गुंता सोडवू

रोमानियात ‘विद्यार्थ्यांचा क्लब’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येऊ शकतात. आपल्या ओळखीच्या चित्रात बसवून सांगतो. एका गावात नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. त्यात तालमी करणारा एक हौशी नाट्यसंघ आहे. आणि दर सोमवारी कट्ट्यावर जमणारी कवींची टोळी आहे. तिघांत येणारी-जाणारी माणसं बऱ्याचदा तीच, पण व्यवस्था तीन.

नाट्यगृहाच्या जागी तिथे ‘विद्यार्थ्यांचं संस्कृती भवन’ असतं. मोठ्या विद्यापीठाच्या शहरांत अशी सरकारी भवनं आहेत, त्यांत सभागृह, तालमीच्या खोल्या, लोकनृत्याचे संघ. क्लूज शहरातल्या भवनाला दुमित्रू फार्काश यांचं नाव आहे. ते तारागोत वाजवायचे. क्लॅरिनेटच्या जातीचं हे लाकडी वाद्य आहे. विद्यार्थ्यांच्या लोकसंगीत संघाची धुरा त्यांनी कित्येक वर्षं वाहिली.

नाट्यसंघाच्या जागी असते ‘असोसिएशन’, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवलेली संस्था. २०००च्या एका अध्यादेशानुसार किमान तीन माणसं एकत्र आली की ती स्थापन करता येते, आणि नोंदणी होते स्थानिक न्यायालयात. आपल्या गणेश मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालावे लागतात, तसंच काहीसं.

आणि कट्ट्यावरची टोळी म्हणजे ‘चेनाक्लू’: एकाने वाचायचं, बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची. हा एकच परका शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

सुरुवात एका तळघरात

बुखारेस्टच्या जुन्या पेठेत, लिप्स्कानी भागात, ब्लनारी नावाची गल्ली आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात १९६९मध्ये वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘क्लब आ’ सुरू केला. आ म्हणजे आर्किटेक्चरचा आ. तळघर पोरांनी स्वतःच्या हातांनी साफ करून उभं केलं. त्यांच्यात पुढे होता एमिल बार्बू पोपेस्कू, सगळे त्याला ‘मॅक’ म्हणायचे. हाच मॅक पुढे त्याच वास्तुशास्त्र विद्यापीठाचा प्रमुख झाला. तिथे त्या पदाला रेक्टर म्हणतात, आपल्या कुलगुरूंसारखं.

आता थोडं थांबून तारीख पाहा. १९६९. क्लूजमध्ये विद्यार्थ्यांचं ‘एकिनॉक्स’ हे नियतकालिक सुरू झालं १९६८च्या डिसेंबरात. कम्युनिस्ट राजवटीत वर्षभराच्या आत अशा दोन जागा उघडतात, हा योगायोग नाही. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा रोमानियाचा सर्वेसर्वा निकोलाय चाउशेस्कू याने त्या कारवाईत सामील व्हायला नकार दिला. पश्चिमेकडून टाळ्या पडल्या, देशातही तो लोकप्रिय झाला, आणि काही काळ लगाम सैल राहिला. त्या फटीतून ही रोपं वर आली.

फट फार दिवस राहिली नाही. जुलै १९७१मध्ये चीन आणि उत्तर कोरियाच्या दौऱ्यावरून परतलेल्या चाउशेस्कूने कला आणि शिक्षण पुन्हा पक्षाच्या दावणीला बांधणारी सूत्रं जाहीर केली. इतिहासात ती ‘जुलैची सूत्रं’ म्हणून ओळखली जातात. परकी गाणी गाणं अवघड झालं. तिमिश्वारा शहरात शाळकरी पोरांचा बँड म्हणून १९६२मध्ये सुरू झालेल्या ‘फिनिक्स’ने यातून वाट काढली. इंग्रजी गाणी नकोत ना, मग आम्ही आमच्याच लोककथा, आमचीच जुनी गाणी रॉकमध्ये गाऊ! त्यावर कोण काय बोलणार? ही चलाखी मला फार आवडते. राजवट ज्या परंपरेचे गोडवे गात होती, तीच परंपरा गिटारवर चढवून पोरांनी स्वतःची केली. पुढे १९७७मध्ये बँडमधले बहुतेक जण स्पीकरच्या मोकळ्या खोक्यांत लपून देशाबाहेर निसटले. ही दंतकथा नाही, खरंच घडलेली गोष्ट आहे.

‘क्लब आ’मध्ये रॉक झालं, जॅझ झालं, नाटकं झाली. कागदोपत्री मात्र असं प्रत्येक ठिकाण पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या छत्राखाली असायचं. म्हणजे ही बंडखोरांची भूमिगत जागा नव्हती. ती होती परवानगी असलेली जागा, आणि त्या परवानगीच्या कडेकडेने चालणारी माणसं. हा फरक समजला की पुढचं सगळं सोपं जातं.

कवितेला कसला आलाय नागरिकपणा?

रास्त शंका. कविता वाचून रस्त्यावरचे खड्डे बुजत नाहीत. पण रोमानियात १९८३च्या एका फर्मानानुसार साधा टाइपरायटर घरी ठेवायचा तरी पोलिसांची परवानगी लागायची आणि त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागायचा. कुठल्या यंत्रावर कुठलं पत्रक टंकलं ते शोधता यावं म्हणून. अशा देशात चार माणसांसमोर आपल्या मनातलं वाचणं आणि त्यांनी त्यावर मोकळेपणी मत देणं, ही गोष्ट किती मोठी असेल!

बुखारेस्ट विद्यापीठात १९७७पासून समीक्षक निकोलाय मानोलेस्कू यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांचा एक चेनाक्लू भरायचा. सोमवारी भरायचा म्हणून नावच पडलं ‘सोमवारचा चेनाक्लू’. तिथे कोवळ्या वयात कविता वाचणाऱ्यांपैकी एक मिर्चा कर्तरेस्कू. आज जगभर अनुवादित होणारा, नोबेलच्या चर्चेत दरवर्षी ज्याचं नाव निघतं असा लेखक. त्या बैठकीत सरकारविरोधी घोषणा होत नव्हत्या. या पोरांच्या कवितेत ट्राम होती, स्वयंपाकघर होतं, विद्यार्थ्यांचं कडकेपण होतं. पण शेतात हसणारे कामगार आणि महान नेता एवढंच दाखवायचं अशी सक्ती असताना कुणी नुसतं आपलं खरं स्वयंपाकघर कवितेत आणलं, तरी ते बोचतं. १९८३मध्ये हा चेनाक्लू बंद पाडण्यात आला.

क्लूजच्या ‘एकिनॉक्स’चं वेगळेपण आणखी निराळं. क्लूज ज्या भागात आहे त्या ट्रान्सिल्वेनियात रोमानियन, हंगेरियन आणि जर्मन बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, आणि त्यांच्यात जुनी दुखणीही आहेत. १९५९मध्ये क्लूजची दोन विद्यापीठं, एक रोमानियन आणि एक हंगेरियन, वरून हुकूम आणून एकत्र केली गेली. हंगेरियन लोकांना ते लागलं. त्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तिन्ही भाषांची पानं असत. बेळगाव किंवा पणजीच्या वाचकाला यातली अवघड जागा समजावून सांगायला नको.

आता सगळ्यात झणझणीत प्रसंग. ‘आम्फितेआत्रू’ हे विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक मासिक, तेही सरकारमान्य. १९८४च्या डिसेंबर अंकात आना ब्लांदियाना या नामवंत कवयित्रीच्या चार कविता छापून आल्या. एकीत रोजच्या जगण्यातल्या वस्तूंची आणि शब्दांची नुसती यादी होती. दुसरीत जबरदस्तीने जन्माला घातल्या जाणाऱ्या मुलांचा विषय होता, कारण १९६६पासून देशात गर्भपातावर बंदी होती. अंक बाहेर पडला आणि वरच्यांच्या लक्षात आलं. अंक मागे घेतला, संपादकांवर कारवाई झाली. तोवर उशीर झाला होता. लोकांनी कविता हाताने उतरवून घेतल्या, एकमेकांना दिल्या, आणि छापील अंक पोचला असता त्याहून दूर त्या पोचल्या.

म्हणजे ‘सांस्कृतिक’ आणि ‘नागरी’ असे दोन कप्पे आपण करतो, तसे करण्याची चैन त्या पिढीला परवडत नव्हती. बोलायची एकच खोली होती. सगळं तिथेच बोलावं लागायचं.

खोलीतून चौकात

१९८९च्या डिसेंबरात तिमिश्वारात ठिणगी पडली, आठवड्याभरात राजवट कोसळली. २१ डिसेंबरच्या रात्री बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात तरुण मारले गेले. तो चौक तेव्हापासून नुसता चौक उरला नाही.

लगेच नव्या ‘विद्यार्थी लीग’ उभ्या राहिल्या, जुन्या पक्षसंघटनेच्या जागी. २२ एप्रिल १९९० रोजी त्याच चौकात ठिय्या सुरू झाला. मागणी अशी की जुन्या राजवटीत मोठ्या पदांवर बसलेल्यांना काही काळ निवडणूक लढवता येऊ नये. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाची बाल्कनी हे व्यासपीठ झालं. तिथून भाषणं व्हायची, गाणी व्हायची, कविता व्हायच्या. सत्तेवर असलेल्या इयोन इलिएस्कूंनी आंदोलकांना ‘गोलान’ म्हटलं, आपल्या भाषेत मवाली. पोरांनी ती शिवीच बिरूद म्हणून छातीवर लावली, ‘मवाल्यांचं गीत’ रचलं, आणि आंदोलनाचं नाव पडलं ‘गोलानियादा’, जणू मवाल्यांचं ऑलिम्पियाड.

शेवट वाईट झाला. १३ जूनला पोलिसांनी चौक रिकामा केला. १४ आणि १५ जूनला जिऊ खोऱ्यातल्या खाणकामगारांना राजधानीत आणलं गेलं आणि त्यांनी दांडकी घेऊन विद्यार्थी, विद्यापीठ, विरोधी पक्षांची कार्यालयं, जे दिसेल ते झोडपलं. लीगचा नेता मारियान मुंतेआनू याला बेदम मार बसला, पुढे अटकही झाली.

तर २०२४मध्ये पोरं त्या चौकात का गेली, याचं उत्तर हे आहे. पंढरपूरला का जायचं असं वारकऱ्याला कुणी विचारत नाही.

मग आता काय करतात?

आता दांडकी नाहीत, आता बैठका आहेत. सुदैवाने कंटाळवाण्या बैठका.

२०११च्या शिक्षण कायद्याने एक ठोस गोष्ट दिली: विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, म्हणजे सर्वोच्च निर्णय मंडळात, २५ टक्के जागा विद्यार्थ्यांच्या. २०२३च्या नव्या कायद्यातही हा चौथा हिस्सा टिकला. या प्रतिनिधींची निवड थेट आणि गुप्त मतदानाने करायची आणि प्राध्यापकांनी त्यात नाक खुपसायचं नाही, असंही कायदा सांगतो.

चौथ्या हिश्शाने काय होणार, असं वाटेल. साधा हिशोब करू. सिनेट ४० जणांची धरा. ३० प्राध्यापक, १० विद्यार्थी. प्राध्यापक सगळे एका बाजूला असतील तर विद्यार्थ्यांचं काही चालत नाही. पण प्राध्यापक सगळे एका बाजूला आहेत असं कुठलं विद्यापीठ तुम्ही पाहिलंय? समजा ते १६ विरुद्ध १४ असे फुटले. आता दोन्ही गटांना ते १० जण हवे असतात. वसतिगृहाच्या नळाला गरम पाणी का येत नाही, ग्रंथालय रात्री का बंद, शिष्यवृत्तीची यादी अजून का लागली नाही, हे प्रश्न अशा वेळी एकदम ऐकू यायला लागतात. तराजूतलं शेवटचं छोटं वजन ते हेच.

आणि या १० जणांना निवडून कोण देतं? ज्याने पहिल्या वर्षी आल्या आल्या खोली शोधून दिली, नाटकात घेतलं, त्याला पोरं ओळखतात. रोमानियनमध्ये नवख्या विद्यार्थ्याला ‘बोबोक’ म्हणतात. शब्दाचे अर्थ दोन: फुलाची कळी आणि बदकाचं पिल्लू. ऑक्टोबरात सत्र सुरू झालं की या पिल्लांसाठी स्वागताचे कार्यक्रम आणि ‘बोबोकांचा बॉल’, म्हणजे नाचगाण्याची संध्याकाळ. वरवर पाहता फ्रेशर्स पार्टीच. पण विद्यार्थी संघटनेची पहिली भरतीही तिथेच होते.

वर्षभराचा बाकीचा फेरा कॅलेंडरवर चालतो. १ डिसेंबर राष्ट्रीय दिन. मग नाताळची ‘कोलिंदे’, म्हणजे घरोघर जाऊन गायची पारंपरिक गाणी. १५ जानेवारी हा राष्ट्रकवी मिहाइ एमिनेस्कू यांचा जन्मदिवस, तोच संस्कृती दिन. २४ जानेवारीला मोल्दाव्हिया आणि वलाकिया या संस्थानांच्या १८५९च्या एकीकरणाची आठवण, हातात हात गुंफून ‘होरा’ हा फेराचा नाच. १ मार्चला ‘मर्त्सिशोर’: लाल-पांढरा गोफ, त्याला छोटंसं पदक, प्रियजनांना द्यायचं. २०१७मध्ये ही प्रथा युनेस्कोच्या यादीत गेली. त्यात मधेमधे रक्तदान (रक्तदात्याला तिथे एक दिवसाची रजा आणि जेवणाची कुपनं मिळतात, त्यामुळे रांगा बऱ्या लागतात), कचरा वेचणं, वादविवाद, मतदार जागृती.

पैसे कुठून येतात?

भवनांना सरकार देतं. नोंदवलेल्या संस्थांना स्वतः जमवावे लागतात, आणि इथे रोमानियाची एक युक्ती लक्ष देण्यासारखी आहे. नोकरदार माणूस एक फॉर्म भरून सांगू शकतो की मी भरलेल्या आयकरातले ३.५ टक्के अमुक संस्थेला द्या. त्याच्या खिशातून वेगळं काही जात नाही. जो कर सरकारकडे जायचाच होता त्यातला तुकडा वळतो. वर्षाचा कर ४,००० लेई (लेई म्हणजे तिथलं चलन) असेल तर १४० लेई. एकाचे १४०, शंभर जणांचे १४,०००. सत्राचं भाडं, छपाई, नाटकाचे कपडे यांचं बऱ्यापैकी भागतं. म्हणून वसंत ऋतूत संस्थांची पोरं मामा, आत्या, शेजारी यांच्यामागे फॉर्म घेऊन लागतात. पावतीपुस्तक घेऊन दारात येणारी मंडळाची पोरं आठवली ना? फरक एवढाच की इथे वर्गणी सरकारच्या वाट्यातून कापली जाते.

आपल्याकडे देणगीवर करसवलत मिळते, पण आधी स्वतःचे पैसे द्यावे लागतात. रोमानियन पद्धत लहान संस्थांना जास्त सोयीची, असं माझं मत. धोका एकच: ज्याची ओळख जास्त त्याला पैसे जास्त.

सगळं सर्टिफिकेटसाठीच ना?

काही प्रमाणात हो. लपवायचं कशाला? २०१४च्या स्वयंसेवा कायद्यानुसार लेखी करार करून केलेलं स्वयंसेवेचं काम, ते तुमच्या शिक्षणाच्या क्षेत्रातलं असेल तर, व्यावसायिक अनुभव म्हणून धरलं जातं. नोकरीच्या बाजारात ‘अनुभव नाही’ या दारावर डोकं आपटणाऱ्या पोरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. अर्थात त्यामुळे कागदापुरते येणारेही असतात. पण क्लूजच्या ट्रान्सिल्वेनिया चित्रपट महोत्सवात, जो २००२पासून चालतो, पाहुण्यांच्या मागे धावणारा स्वयंसेवक कागदासाठी आला असला तरी पाहुणा वेळेवर पोचतोच. हेतू शुद्ध असल्याशिवाय काम मोजायचं नाही असा नियम लावला तर जगातली निम्मी समाजसेवा बाद होईल.

आणि पक्षांचं काय?

ही शंका जास्त गंभीर. चाळीस वर्षं विद्यार्थी संघटना म्हणजे पक्षाची शाखा, हा अनुभव असल्यामुळे १९९०नंतरच्या संघटनांनी पक्षापासून अंतर ठेवणं हीच आपली ओळख केली. देशभरातल्या संघटनांची शिखर आघाडी १९९९मध्ये स्थापन झाली. ती शिष्यवृत्ती, वसतिगृहं, प्रवास-सवलत अशा विषयांवर मंत्रालयाशी भांडते. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थी संघटनांमागे जसा एकेक पक्ष उभा असतो, तसं चित्र तिथे सहसा दिसत नाही.

पण पक्ष नाही म्हणजे दबाव नाही असं नव्हे. ज्या प्राध्यापकाकडे परीक्षेचे गुण आहेत, त्याच्याविरुद्ध त्याच सिनेटमध्ये हात वर करायला धाडस लागतं. आणि मतदानाला पोरं फिरकलीच नाहीत तर दहा मित्रांच्या जोरावर कुणीही निवडून येतो. कायदा खुर्ची देऊ शकतो. त्या खुर्चीवर कोण बसतं ते अजूनही बोबोकांच्या बॉलमध्येच ठरतं.

मराठी घराशी याचा काय संबंध?

वैद्यकीय शिक्षणासाठी क्लूज, याश, तिमिश्वारा, बुखारेस्ट इथल्या इंग्रजी माध्यमाच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमांना आता भारतीय मुलंही जातात. मुलीने फोनवर ‘एका संघटनेत नाव घातलं’ असं सांगितलं तर ‘राजकारणात पडू नकोस’ म्हणण्याआधी कुठल्या प्रकारची संघटना ते विचारा: भवनातला नाचाचा संघ, नोंदवलेली असोसिएशन की कवितेची बैठक. वसतिगृहाची तक्रार असेल तर दुसऱ्या प्रकारची कामाला येते. भाषा शिकायची असेल तर पहिली. तिसरीसाठी आधी रोमानियन चांगली यायला हवी, आणि कातडी जाड.

एक जुना संबंधही आहे, तो बऱ्याच घरांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे शिकणारी भारतीय मुलं थंडीत चालत रोमानियाच्या सीमेवर, सिरेत नाक्यावर पोचली. पलीकडे चहा, ब्लँकेटं, मोबाइलची सिमकार्डं घेऊन स्वयंसेवक उभे होते, त्यांत विद्यार्थीही होते. विद्यापीठांच्या वसतिगृहांनीही निर्वासितांसाठी दारं उघडली. ऑपरेशन गंगाचं पहिलं विमान २६ फेब्रुवारीला २१९ जणांना घेऊन बुखारेस्टहून निघालं आणि त्याच संध्याकाळी उतरलं ते मुंबईत.